एका सप्तकास एक व्होल्ट

माढेश्वरी देवीच्या देवळांत नवरात्रांतल्या भजनास पेटीची साथ करण्याचें काम माढ्यांत पुष्कळ वर्षें आमच्याकडे होतें. गाणाऱ्या मंडळींत एक वृद्ध गृहस्थ असत. रागशास्त्राचें पुस्तकी ज्ञान त्यांस फारसें नव्हतें; परंतु कान असा तीक्ष्ण, कीं तंबोऱ्याची जोड लावतांना ते दुसऱ्या कोणास खुंटीला हात लावूं देत नसत. एके रात्रीं भूपाचें पद चाललें असतां ते मध्येंच थांबले आणि आम्हांस म्हणाले, "मास्तर, तुमची पेटी गंधारावर आमच्याशीं भांडते. तेवढा स्वर सोडून वाजवा." आम्हीं तो स्वर सोडून वाजविलें. घरीं परततांना मात्र एकच विचार मनांत घोळत राहिला. जें वाद्य गंधारावर मौन धरील तेव्हांच गाण्यास सोबत करूं शकेल, त्यास साथीचें वाद्य कसें म्हणावें?

हें भांडण आमच्या एकट्या पेटीचें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्यें जन्मलेलें हार्मोनियम हिंदुस्थानांत आलें, तें युरोपची स्वरव्यवस्था बरोबर घेऊन आलें. तींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. असें केल्यानें कोणत्याही पट्टीवर षड्ज धरतां येतो, ही सोय मोठीच आहे. पण सोयीचें मोल द्यावें लागतें. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली म्हणजे तींतून आपोआप जो गंधार ऐकूं येतो, त्याचें षड्जाशीं पांचास चार असें प्रमाण पडतें. षड्जाचीं कंपनें सेकंदास २४० धरलीं तर ह्या गंधाराचीं बरोबर ३०० होतात. पेटीचा गंधार ३०२ हून कांहींसा अधिक भरतो. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. तंबोरा चालू असतां तोच थरथरीच्या रूपानें कानांत शिरतो आणि मग जात नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमला आपलें दार बंद केलें व १९७१ सालीं तें किलकिलें केलें. पेटीला मींड येत नाहीं ही एक तक्रार होती, आणि तिचे स्वर आपले नव्हेत ही दुसरी.

ह्या दुखण्यावर औषध शोधण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रांतच झाला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं तारेवर स्वर मोजून बावीस श्रुतींविषयींचा आपला इंग्रजी ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याचा ह्या मापनास उपयोग झाला. पुढें अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज सनदी अधिकारी त्यांस येऊन मिळाले, आणि श्रुतींची पेटी विलायतेंतून करवून आणण्यांत आली. बडोद्यास १९१६ सालीं भरलेल्या संगीत परिषदेंत ह्या विषयाचा बराच खल झाला. एकमत झालें नाहीं. देवलांचें सगळें गणित गवयांनीं मानावें असा आमचा आग्रह नाहीं. गळा हा कोष्टकाबाहेर जाणारच. आमची अडचण निराळी आहे. श्रुतींची पेटी झाली तरी तिचे स्वर पितळेच्या पट्ट्या घासूनच ठरविलेले असावयाचे. कारखान्यांत एकदां जें ठरलें, तें वाजविणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. वाद मिटो वा न मिटो, ज्याच्या कानाला जो गंधार पटतो तो त्याला आपल्या हातानें लावून पाहतां आला असता, तर ह्या वादाचें स्वरूपच पालटलें असतें.

तशी सोय पुढें झाली. ती कोणा संगीतशास्त्र्यानें केली नाहीं, किंवा हिंदुस्थानी गाण्यासाठींही केली नाहीं. युरोपांतील एका हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकानें ती आपल्या वाचकांपुढें १९७७ सालीं मांडली. आपण काय मांडलें आहे ह्याचा हा अर्थ त्याच्या मनांतही नसावा. त्या मासिकाचा, आणि तें माढ्यापर्यंत कसें पोंचलें ह्याचा, थोडासा इतिहास सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घरीं बसून यंत्र कसें बांधावें हें शिकविणाऱ्या मासिकांची परंपरा जुनी आहे. अमेरिकेंत ह्यूगो गर्न्सबॅक ह्यानें १९०८ सालीं 'मॉडर्न इलेक्ट्रिक्स' काढलें, तेव्हां रेडिओ हा शब्दही सर्वतोमुखीं झाला नव्हता. आपल्याकडेही शास्त्र व उद्योग घरोघर नेण्याची हौस त्याच काळांतली. किर्लोस्करवाडीहून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघूं लागलें आणि पुण्याहून १९२८ सालीं 'सृष्टिज्ञान'. फरक एवढाच, कीं आपल्या मासिकांचा ओढा समजावून देण्याकडे अधिक. हातांत हत्यार देऊन 'आतां तूं कर' असें म्हणण्याकडे कमी. परदेशांत ह्या दुसऱ्या पद्धतीचें फळ काय निघालें, हें रॉबर्ट मूग ह्याच्या चरित्रावरून दिसतें. विजेच्या सिंथेसायझरशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें, त्या मूगनें लहानपणीं मासिकांतील नकाशा पाहून घरीं थेरेमिन बांधलें होतें. हात न लावतां वाजणारें हें वाद्य रशियन शास्त्रज्ञ लेव थेरेमिन ह्याचें. पुढें १९५४ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आंत, मूगनें स्वतःच तें कसें बांधावें ह्यावर अशाच एका मासिकांत लेख लिहिला. त्यानंतर दहा वर्षांनीं त्याचा सिंथेसायझर आला. म्हणजे ह्या वाद्याचें घराणें शोधूं गेल्यास आपण प्रयोगशाळेच्या आधीं मासिकाच्या पानांशींच येऊन थांबतों.

मूगचें वाद्य सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरचें होतें. त्याचें लहान रूप, मिनीमूग, १९७० सालीं निघालें, त्यालाही सुमारें दीड हजार डॉलर पडत. हौशी मासिकांनीं ही फट हेरली. इंग्लंडांत १९६४ पासून निघणाऱ्या 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स'नें १९७३ सालीं घरीं बांधावयाच्या सिंथेसायझरची लेखमाला सुरू केली. ऑस्ट्रेलियांत उगम पावलेल्या 'इलेक्ट्रॉनिक्स टुडे इंटरनॅशनल'नें त्याच सुमारास आपला 'फोर्टी-सिक्स हंड्रेड' हा मोठा सिंथेसायझर मांडला. कादंबरीचीं प्रकरणें यावीं तशीं वाद्याचीं अंगें महिन्या-महिन्यानें येत. कोणी एक अंक चुकविला तर त्याचें वाद्य मुकें राहावयाचें!

ह्या सगळ्यांत आमच्या मतें 'एलेक्टर' हें मासिक बुद्धीनें वरचढ. हॉलंडांत १९६१ सालीं तें सुरू झालें, आणि १९७० नंतरच्या दशकांत इंग्रजींतही निघूं लागलें. त्याची एक खोड आम्हांस फार आवडे. लहान कामाच्या ट्रान्झिस्टरचा विशिष्ट क्रमांक न छापतां तें नुसतें 'टन' किंवा 'टप' असें छापी. अर्थ असा, कीं एका जातीचा कोणताही सामान्य ट्रान्झिस्टर येथें चालेल. तुमच्या गांवांत जो मिळेल तो लावा. लंडनच्या वाचकास ही गंमत वाटली असेल. ज्यास बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा माल तेवढा हातीं लागे, त्या आमच्यासारख्यास ती एक कृपाच होती. पाककृति सांगतांना 'केशर नसेल तर हळद घाला' असें म्हणणारी सुगरण आणि हें मासिक ह्यांची जात एक.

ह्याच मासिकांत १९७७ पासून सी. चॅपमन ह्यांची 'फॉर्मंट' नांवाच्या सिंथेसायझरची लेखमाला आली, व पुढें तिचें पुस्तकही निघालें. तीन सप्तकांच्या पट्ट्या, स्वर निर्माण करणारे तीन आंदोलक, नाद गाळणारे भाग, आवाजाची चढउतार ठरविणारे भाग, असा त्याचा मोठा संसार होता. त्याच्या सर्व अंगांचें वर्णन येथें करीत नाहीं. आम्हांस प्रयोजन आहे तें एकाच अंगाशीं, आणि तें सर्वांत साधें.

आंदोलकाचा स्वर त्यास मिळणाऱ्या विद्युद्दाबावर ठरतो. दाब एक व्होल्टनें वाढला कीं स्वर एका सप्तकानें चढतो. हा नेम मूगपासून चालत आलेला आहे. मग प्रत्येक पट्टीनें किती दाब द्यावा? फॉर्मंटमध्यें पट्ट्यांच्या खालीं रेझिस्टरांची एक सांखळी असते. तींतून ठराविक प्रवाह सोडलेला असतो, आणि जी पट्टी दाबावी त्या कडीवरचा दाब आंदोलकाकडे जातो. सर्व कड्या सारख्या मूल्याच्या, म्हणून प्रत्येक स्वरास एका व्होल्टचा बारावा हिस्सा, सुमारें ८३ मिलिव्होल्ट, पडतो. ही झाली पेटीची समान वांटणी. परंतु कड्या सारख्याच असाव्या असा निसर्गाचा कांहीं नियम नाहीं. समान वांटणींत षड्जापासून गंधार ३३३ मिलिव्होल्टवर असतो. तंबोऱ्यांतला गंधार ३२२ वर. म्हणजे सारें भांडण अकरा मिलिव्होल्टांचें! सांखळींतल्या कड्या कमीअधिक केल्या, किंवा प्रत्येक कडीस फिरविण्याचा लहानसा खिळा ठेवला, कीं तंबोरा ऐकत ऐकत ज्याचा त्यास गंधार लावून घेतां येतो.

ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. पेटीवर एखाद्यानें काळी एकच्या षड्जाला जुळतील असे स्वर घासून घेतले, तर पांढरी चारच्या गवयाला ती पेटी निरुपयोगी होते. सप्तकाचे बारा सारखे भाग करण्याची युरोपला गरज पडली ती ह्याच कारणानें. येथें तशी गरजच उरत नाहीं. सगळ्या सांखळीच्या दाबांत एका बटणानें थोडा दाब मिळविला, कीं अख्खें सप्तक जसेंच्या तसें वर सरकतें. षड्ज काळी एकवरून पांढरी दोनवर गेला तरी गंधाराचें त्याच्याशीं असलेलें प्रमाण पांचास चारच राहतें. देवलांस जें पाहिजे होतें आणि पितळेंत जें साधत नव्हतें, तें दाबाच्या ह्या बेरजेंत सहज साधतें. फॉर्मंटच्या लेखांतून हें आम्हांस उमगलें त्या रात्रीं झोंप आली नाहीं, असें म्हटल्यास वाचकांनीं हंसूं नये.

आतां माढ्याकडे वळूं. मुंबईच्या फाउंटनजवळ पदपथावर जुनीं पुस्तकें विकणारे बसत. त्यांच्यापाशीं फॉर्मंटचें पुस्तक आम्हांस मिळालें. पुढें १९८३ सालीं एलेक्टरची भारतीय आवृत्ति मुंबईहूनच, ग्रँट रोडवरून, निघूं लागली. दिल्लीचें 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' १९६९ पासून चालू होतें, तेंही आमच्या गांवीं येई; पण एलेक्टरची चव निराळी. ग्रँट रोडपासून हाकेच्या अंतरावर लॅमिंग्टन रोड. तेथें सुट्या भागांचीं दुकानें दाटीनें उभीं असल्यामुळें, मासिकांत वाचावें आणि चार पावलांवर जाऊन विकत घ्यावें, अशी मुंबईकरांची चंगळ होती. आमचें तसें नव्हतें. आमचा अंक टपालानें यावयाचा आणि भाग व्ही.पी.नें.

मात्र माढा तालुक्यास यंत्राचें वावडें होतें असें कोणी समजूं नये. कुर्डुवाडी ह्याच तालुक्यांत आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनिअरची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालीं तेथून सुरू झाली, आणि कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यामुळें ह्या बाजूच्या घराघरांत एखादा तरी हात हत्याराला सरावलेला असे. आमचे शेजारी तेथेंच कामास होते. सोल्डरिंग आयर्न कसें धरावें, डाख जास्त झाला तर तो कसा ओढून घ्यावा, हें त्यांनीं आम्हांस शिकविलें. इंग्रजी त्यांना येत नव्हतें. सर्किटचा नकाशा मात्र ते आमच्याहून लवकर वाचीत. नकाशाला भाषा लागत नाहीं, असें ते म्हणत. तें खरें असलें तरी नकाशाभोंवतीं जीं दहा पानें असत, तीं इंग्रजींत असल्यामुळें त्यांच्यासारख्या कितीजणांना बाहेरच राहावें लागलें, ह्याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

सगळा फॉर्मंट बांधण्याची आमची ऐपत नव्हती. एक आंदोलक आणि एका सप्तकाच्या पट्ट्या एवढाच बेत ठरला. पट्ट्या एका मोडक्या पेटीच्या घेतल्या व त्यांखालीं तांब्याच्या पत्र्याचे स्पर्श बसविले. रेझिस्टर एका टक्क्यापेक्षां अधिक चुकीचे नकोत असें पुस्तकांत बजावलेलें होतें. एका दुकानदारानें आम्हांस दहा टक्क्यांचे पाठवून दिले, आणि पहिल्या दिवशीं जें सप्तक वाजलें तें कोणत्याच संगीतपद्धतीचें नव्हतें. पुन्हा पत्र, पुन्हा व्ही.पी.; महिना गेला.

खरी परीक्षा उन्हाळ्यांत झाली. दाबाच्या समान पायऱ्यांचे स्वरांच्या समान पायऱ्यांत रूपांतर करण्याचें काम ट्रान्झिस्टरांची एक जोडी करते, आणि ट्रान्झिस्टर हा हवेला फार भितो. त्याचें माप अंशागणिक सुमारें एक-तृतीयांश टक्क्यानें सरकतें. मे महिन्यांत आमच्याकडे पहांटे पंचवीस अंश असले तर दुपारीं बेचाळीस होतात. तेवढ्या फरकानें एका सप्तकांत अर्ध्या स्वराहून अधिक चूक पडते. मग अकरा मिलिव्होल्टांच्या गंधाराची कथा काय? चॅपमन ह्यांना हें ठाऊक होतें. त्यांनीं फेअरचाइल्ड कंपनीची ७२६ क्रमांकाची चकती वापरली होती. तींत ट्रान्झिस्टरांच्या जोडीबरोबरच एक इवलीशी शेगडी असते, आणि ती जोडीला कायम एकाच उष्णतेवर ठेवते. ही चकती लॅमिंग्टन रोडवर आम्हांस मिळाली नाहीं. तिच्या ऐवजीं आम्हीं पांच ट्रान्झिस्टरांची ३०४६ ही स्वस्त चकती घेतली. पांचांपैकीं दोघांकडून स्वराचें काम, एकाकडून शेगडीचें, आणि एकाकडून उष्णता मोजण्याचें. हीही युक्ति हौशी मंडळींत प्रसिद्ध आहे. शेगडी बाहेरच्या हवेहून गरम असावी लागते, कारण ती तापवूं शकते, थंड करूं शकत नाहीं. युरोपांतील माणसास ह्याची काळजी करण्याचें कारण पडत नाहीं. पत्र्याच्या छपराखालीं बसणाऱ्यास पडतें. आम्हीं पंचावन्न अंश धरले, आणि यंत्र स्थिर झालें.

मग त्या वृद्ध गृहस्थांस घरीं बोलाविलें. तंबोरा त्यांनीं स्वतः लावला. आम्ही गंधाराची पट्टी दाबून धरली, आणि ते सांगतील तसा खिळा फिरवीत गेलों. "उतरा, अजून उतरा, हां, आतां थांबा." नंतर दाब मोजून पाहिला. आंकडा तंबोऱ्याच्या गणितापासून फार दूर नव्हता. अगदीं त्यावरही नव्हता. त्यांना जोगिया म्हणावयास सांगितलें तेव्हां त्यांनीं तोच गंधार पुन्हा किंचित् हलवावयास लाविला. देवलांच्या कोष्टकावर गवयांनीं जो आक्षेप घेतला त्याचें मर्म आम्हांस त्या संध्याकाळीं समजलें, आणि देवलांची धडपड किती योग्य होती हेंही समजलें. यंत्राचा आवाज मात्र त्यांना मुळींच आवडला नाहीं. "सूर खरा आहे, पण त्याला जीव नाहीं," असें म्हणून ते उठले. एका आंदोलकाच्या वाद्याकडून ह्याहून अधिक अपेक्षा करणें चुकीचें होतें.

ह्यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. १९८३ हेंच वर्ष दुसऱ्या एका कारणानें महत्त्वाचें ठरलें. यामाहा कंपनीचा डीएक्स-सेव्हन हा आंकड्यांवर चालणारा सिंथेसायझर त्याच वर्षीं आला, आणि वाद्यांना परस्परांशीं जोडणारी 'मिडी' ही पद्धतिही. कॅसिओचीं लहान, स्वस्त वाद्यें बाजारांत येऊं लागलीं होतींच. विकत घेतलेलें वाद्य घरीं बांधलेल्याहून स्वस्त पडूं लागलें, तेव्हां बांधणाऱ्यांची संख्या घटली आणि मासिकें संगणकाकडे वळलीं. ह्यांत कोणाचा दोष काढावा असें नाहीं. लग्नाच्या बँडपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सर्वत्र जें वाद्य गेलें, तें समान वांटणीचें सप्तक घेऊन गेलें, एवढें मात्र झालें. पेटीचा रेडिओवरील प्रवेश जो तीस वर्षें अडवून धरला होता, तोच गंधार प्लास्टिकच्या पट्ट्यांतून बिनबोभाट घरांत शिरला.

आपल्याकडच्या बुद्धिवंतांनीं ह्या विद्येचा उपयोग केलाच नाहीं, असें मात्र नव्हे. बंगळूरचे इंजिनिअर व वेणुवादक जी. राज नारायण ह्यांनीं इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला आणि तो देशभर पसरला. प्रवासांत भोपळा सांभाळण्याचा त्रास ज्यानें सोसला आहे त्यास त्याची किंमत कळेल. त्यांतही षड्ज बटणानें हवा तेथें सरकतो. परंतु तो आधारस्वर देतो, साथ करीत नाहीं. आजच्या महागड्या की-बोर्डांत प्रत्येक स्वर वरखालीं करण्याची सोय आंतल्या कुठल्याशा यादींत ठेवलेली असते, हेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. ती यादी उघडून पाहिलेला वादक आम्हांस क्वचितच भेटला. खिळा डोळ्यांसमोर असला म्हणजे हात त्याच्याकडे जातो. खिडकीआड असलेल्या आंकड्याकडे जात नाहीं.

एलेक्टर आजही युरोपांतून निघतें. आमच्याकडचे जुने भारतीय अंक वाळवीनें अर्धे खाल्ले. फॉर्मंटचें पुस्तक शाबूत आहे. आमचें एका सप्तकाचें यंत्रही आहे, फक्त त्याची शेगडी आतां पेटत नाहीं. देवळांतली पेटी जुनीच. ते गृहस्थ वारण्यापूर्वीच्या नवरात्रांत आम्हीं सोलापूरहून एक पेटी दुरुस्त करणारे बोलाविले, आणि काळी एकचा गंधार, म्हणजे पांढरी चारची पट्टी, मुळाशीं घासून उतरवून घेतली. त्या नऊ रात्रीं कोणतीही पट्टी सोडून वाजवावी लागली नाहीं. आतां जे तरुण गातात त्यांचा षड्ज पांढरी चार आहे, आणि पेटीचा षड्ज उतरला आहे अशी त्यांची तक्रार आहे. पट्टीच्या टोंकाला घासून तो पुन्हा चढवून द्यावा, असा निरोप आम्हीं सोलापूरला धाडला आहे.